कलम नाही, खटला नाही, तरी पाच वर्षं: मुसोलिनीच्या इटलीतले ‘बायकी’ पुरुष

धागाकर्ता: आडवाटेचा वाटसरू

नमस्कार मंडळी,

हिटलरने समलिंगी पुरुषांना छळछावण्यांत डांबलं, त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवला, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. मुसोलिनीचं नाव निघालं की मात्र या विषयावर सगळे गप्प. ‘इटलीत तसं काही नव्हतंच, तिथे कायदाच नव्हता’ असं एका जाणत्या मित्राने मला ठासून सांगितलं. कायदा नव्हता हे अगदी खरं. पण तो का नव्हता, आणि नसल्यामुळे काय काय करता आलं, हे वाचायला लागलो आणि खोलात शिरत गेलो. म्हणून हा धागा.

इटलीच्या १८८९ च्या दंडसंहितेने दोन सज्ञान पुरुषांमधला खासगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून वगळला होता. (आपल्याकडे तेव्हा अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होऊन तीस वर्षंही झाली नव्हती.) १९२२ मध्ये फॅसिस्ट सत्तेवर आले. न्यायमंत्री आल्फ्रेदो रोक्को याने नवी दंडसंहिता लिहायला घेतली आणि १९२७ च्या मसुद्यात अशा संबंधांना शिक्षा देणारं कलम घातलं. मसुदा तपासणाऱ्या समितीने ते काढून टाकलं. कारण वाचून आधी हसू येतं: हा किळसवाणा दुर्गुण, इटलीच्या सुदैवाने, आपल्याकडे इतका पसरलेलाच नाही की कायद्याने त्याची दखल घ्यावी! इटालियन पुरुष म्हणजे मर्दच. ज्याच्यासाठी कलम लिहावं लागतं तो देशात असल्याची कबुली त्या कलमातच येते, ती द्यायची नव्हती. जे थोडेफार असतील त्यांना पोलीस बघून घेतील, असा एकूण सूर. १ जुलै १९३१ पासून ही रोक्को संहिता लागू झाली.

पोलिसांकडे हत्यार आधीच होतं. नोव्हेंबर १९२६ मध्ये, मुसोलिनीवर बोलोन्यात झालेल्या हल्ल्याचं निमित्त करून, सार्वजनिक सुरक्षेचे कायदे कडक केले गेले. त्यात तीन पायऱ्या होत्या. पहिली नुसती ताकीद. दुसरीत दोन वर्षं नजरकैदेसारखी देखरेख: अंधार पडायच्या आत घरी, ठरावीक लोकांना भेटायचं नाही, पोलिसांना विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही. तिसरी पायरी ‘कोन्फिनो’. आपल्याकडची तडीपारी माणसाला जिल्ह्याबाहेर काढते, ही त्याला उचलून एखाद्या बेटावर किंवा दक्षिणेतल्या कोपऱ्यातल्या खेड्यात नेऊन टाकत असे. एक ते पाच वर्षं.

ही शिक्षा कोर्ट देत नसे. प्रांताचा प्रमुख अधिकारी, पोलीसप्रमुख, काराबिनिएरी या लष्करी पोलीस दलाचा अधिकारी, फॅसिस्ट मिलिशियाचा अधिकारी आणि सरकारी वकील अशी पाच जणांची समिती बसे. समोर एक फाइल. त्यात शेजाऱ्यांचं म्हणणं, एखादं निनावी पत्र, पोलिसांचा अहवाल. आरोपीला वकील नाही, साक्षीदारांची उलटतपासणी नाही, आणि मुळात आरोपच नाही, कारण गुन्हा कुठे लिहिलेला नव्हता. माणूस ‘सार्वजनिक नीतीला धोकादायक’ आहे असं समितीला वाटलं की झालं.

आता कातानिया. सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावरचं, एत्ना ज्वालामुखीच्या पायथ्याचं शहर. १९३८-३९ मध्ये तिथे आल्फोन्सो मोलिना नावाचा पोलीसप्रमुख होता. त्याचा अहवाल उपलब्ध आहे. त्याची तक्रार काय? पूर्वी असे लोक कॉफीहाउसात, नाचाच्या हॉलमध्ये क्वचित दिसत, लपूनछपून असत. आता ते उघड फिरतात, समुद्रकिनारी दिसतात, आणि सगळ्या थरांतले तरुण त्यांची सोबत शोधतात. म्हणजे दुखणं त्यांच्या असण्याचं नव्हतं, दिसण्याचं होतं. त्याने शहरातल्या पंचेचाळीस जणांना धरून पाठवलं. बहुतेक सगळी कष्टकरी माणसं. बड्या घरांतल्यांचं काय झालं असेल ते सुज्ञांस सांगणे न लगे.

पकडलेल्यांची वैद्यकीय तपासणी व्हायची. कसली, याच्या तपशिलात जात नाही. पण डॉक्टरला शोधायचं काय होतं, ते बघा. ‘निष्क्रिय’ कोण, म्हणजे पोलिसांच्या हिशेबात ‘बाईची भूमिका’ कोण करतो, एवढंच. दुसरी बाजू करणारा पुरुष सिसिलीत पुरुषच मानला जाई. तो बहुधा घरी गेला. बेटावर गेला तो ‘आर्रूसू’, हा तिथला शिवीवजा शब्द. सगळं वाचून माझं मत असं झालंय की ही कृत्याला शिक्षा नव्हतीच. पुरुष असून पुरुषपण नीट वठवलं नाही, त्याची शिक्षा होती.

त्यांना बेड्या घालून, आगगाडीने आणि मग बोटीने सान दोमिनोवर नेलं. एड्रियाटिक समुद्रात, गार्गानोच्या टोकापासून जवळच त्रेमिती नावाचा छोटा द्वीपसमूह आहे, त्यातलं हे बेट. आज तिथे उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड असते. तेव्हा बराकी, वीज नाही, नळाचं पाणी नाही, रात्री आठला घंटा की आत जायचं आणि बाहेरून कुलूप. सरकार रोज मोजके लिरे भत्ता देई, त्यात स्वतःचं भागवायचं. कुणी शिवणकाम करी, कुणी हजामत. मागे राहिलेल्यांचे अर्ज मंत्रालयाच्या दप्तरात जमत गेले, कारण घरातला कमावता माणूसच उचलला होता.

या बेटाबद्दल एक अवघड गोष्ट आहे. त्यांच्यातल्या एकाने पुढे म्हातारपणी, १९८० च्या दशकात, टोपणनावाने मुलाखत दिली. त्याचं सांगणं असं की त्या काळी आमच्यासारख्याला गावात घराबाहेर पडायची चोरी होती. बेटावर मात्र आम्ही वाढदिवस केले, संतांचे सण केले, बायकांचे कपडे घालून नाटकं बसवली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली, सरकारला जागा हवी झाली आणि यांना घरी धाडलं (तिथेही दोन वर्षं देखरेख होतीच). तेव्हा निघताना काही जण रडले म्हणे. काही लेखांतून याचा ‘स्वर्गच होता तो’ असा सूर लावलेला दिसतो. मला तो पटत नाही. बेट सोडताना माणूस रडतो, तेव्हा त्याचं गाव कसलं असेल ते आधी बघावं.

देशभरात मिळून अशा सुमारे तीनशे पुरुषांच्या फाइली अभ्यासकांना सापडल्या आहेत. नुसती ताकीद मिळालेले, नोकरी गेलेले, बापाने घरात कोंडलेले यात नाहीत.

चर्चा करू. बायकांबद्दल मुद्दाम लिहिलं नाही, तो विषय मोठा आहे. कुणी विचारलं तर प्रतिसादात लिहीन.

---

शेवग्याची शेंग

वाचनखूण साठवली. एका बैठकीत वाचून काढला.

दोन प्रश्न. एक, कातानियाच का? पालेर्मो, नेपल्स, रोम इथे असे लोक नव्हते का? दोन, विचारतेच आता: बायकांचं काय? स्त्री-स्त्री संबंधांवर काही कारवाई?

---

आडवाटेचा वाटसरू

शेंगताई, धन्यवाद.

कातानियाचं उत्तर सोपं आणि भीतीदायक आहे: तिथला साहेब तसा होता. कायद्यात मोजमाप नसलं की सगळं साहेबावर. एका शहरात धरपकड, शेजारच्यात पोलीस काणाडोळा करतायत. इतर ठिकाणांहूनही लोक गेले, पण सुटे सुटे, वेगवेगळ्या बेटांवर नि खेड्यांत. एका शहरातून एवढे लोक एका बेटावर, हे कातानियाचंच.

स्त्री-स्त्री संबंधांच्या कोन्फिनोच्या नोंदी जवळपास नाहीतच. याचा अर्थ सुख होतं असा नाही. बाईला आवरायला पोलीस लागतच नव्हते. बाप, भाऊ, नवरा होते, पाद्री होता, आणि शेवटी वेड्यांचं इस्पितळ होतं. तेरामोच्या मनोरुग्णालयातल्या त्या काळच्या केसपेपरांवर चांगला अभ्यास झालाय. बायकांच्या कागदांवर बडबडी, हट्टी, उर्मट, मुलांकडे लक्ष न देणारी, असली वर्णनं लक्षणं म्हणून लिहिली आहेत. आपल्या आज्या-पणज्यांपैकी निम्म्या आत गेल्या असत्या.

राष्ट्राला बाईकडून हवं होतं ते मूल. २६ मे १९२७ च्या भाषणात मुसोलिनीने आकडाच सांगितला: चार कोटींचे सहा कोटी व्हायला हवेत, शतकाच्या मध्यापर्यंत. त्याच वर्षी ब्रह्मचाऱ्यांवर कर लागला, पंचवीस ते पासष्ट वयाच्या अविवाहित पुरुषांवर. पाद्री सुटले. १९३३ पासून २४ डिसेंबरला ‘माता-बालक दिन’, त्यात प्रत्येक प्रांतातली सर्वाधिक पोरांची आई रोमला आणून तिचा सत्कार. गर्भपाताला संहितेत कुठे टाकलं होतं बघा: ‘वंशाची अखंडता आणि आरोग्य यांविरुद्धचे गुन्हे’. मूल बाईचं नाही, वंशाचं. गर्भनिरोधाचा प्रचार करणंही त्याच प्रकरणात.

आणि एवढं करून जन्मदर वाढला का? १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो घसरतच राहिला. बायकांनी काय केलं असेल ते केलं.

---

खडूस आजोबा

लेख चांगला. पण थोडं थंड डोक्याने घ्या. तीनशे माणसं. वीस वर्षांची राजवट. त्याच काळात इंग्लंडात, जी लोकशाहीची आई म्हणवते, तिथे या कारणासाठी रीतसर तुरुंगात टाकत होते. गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंगचं काय झालं १९५२ मध्ये? मग ‘फॅसिस्ट’ हे विशेषण लावून नेमकं काय सिद्ध होतं? पुरोगामी मंडळींना सगळीकडे तोच एक राक्षस दिसतो.

---

आडवाटेचा वाटसरू

आजोबा, मुद्दा रास्त आहे, टाळत नाही. इंग्लंडचा कायदा क्रूर होता आणि त्याचीच नक्कल आपल्या गळ्यात १५८ वर्षं बांधून ठेवली गेली.

पण फरक आहे. ट्यूरिंगवर खटला चालला. कलम होतं, वकील होता, निकाल होता. म्हणूनच लोकांना त्या कलमावर बोट ठेवता आलं, ते १९६७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये बदललं, आणि पुढे ट्यूरिंगला मरणोत्तर माफीही मिळाली. कातानियाच्या शिंप्याने कशावर बोट ठेवायचं? निकाल नाही, तर रद्द काय करणार? युद्धानंतर फॅसिझमविरोधी राजकीय कैद्यांसाठी १९५५ मध्ये भरपाईचा कायदा झाला, त्यात हे बसले नाहीत. आणि मेख अशी की अर्ज करायचा तर आपण कशासाठी बेटावर गेलो होतो हे गावात सांगावं लागणार!

---

श्टुटगार्टकर

जर्मनीतली बाजू थोडक्यात लिहिते, कारण तुलना निघालीच आहे.

इथे उलटं होतं. कलम १७५ हे १८७१ पासूनच होतं. नाझींनी १९३५ मध्ये ते असं सैल केलं की स्पर्शही लागत नसे, ‘अश्लील’ हेतू पुरे. साधारण एक लाख अटका, पन्नास हजारांच्या आसपास शिक्षा, आणि पाच ते पंधरा हजार माणसं छळछावण्यांत. बायका या कलमात नव्हत्या. ऑस्ट्रियाच्या कायद्यात मात्र होत्या, आणि तो ऑस्ट्रिया गिळल्यावरही तिथे चालू राहिला.

त्याआधीची एक तारीख लक्षात ठेवा. ६ मे १९३३, बर्लिन. माग्नुस हिर्शफेल्डच्या लैंगिकशास्त्र संस्थेवर विद्यार्थ्यांनी धाड घातली, ग्रंथालय लुटलं, आणि चार दिवसांनी ऑपेराच्या चौकात जी पुस्तकं जाळली त्यांत ते होतं. विद्यार्थ्यांनी, हं! आजच्या भाषेत ज्यांना आपण ट्रान्स म्हणतो अशा लोकांवर तिथे उपचार होत, त्यांना सल्ला मिळे, कामही मिळे. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशात होता म्हणून वाचला. १९३१ मध्ये तो जगप्रवासात हिंदुस्थानातही येऊन गेला होता.

आजोबांना एक सांगायचंय. निकाल असला की रद्द करता येतो, हे वाटसरूंचं म्हणणं बरोबर, पण किती वेळ लागतो तेही बघा. नाझींनी कडक केलेलं ते कलम पश्चिम जर्मनीने १९६९ पर्यंत तसंच वापरलं. १९५७ मध्ये घटना न्यायालयाने ते वैध ठरवलं. छावणीतून सुटलेला माणूस त्याच कलमाखाली पुन्हा आत जाऊ शकत होता. नाझीकाळातले निकाल रद्द झाले २००२ मध्ये, त्यानंतरचे २०१७ मध्ये. बर्लिनच्या नोलेनडॉर्फप्लाट्झ स्टेशनच्या भिंतीवर गुलाबी दगडाचा त्रिकोण आहे, १९८९ पासून. रोज हजारो लोक त्याच्या शेजारून गाडी पकडायला धावतात, मीही त्यातलीच होते.

---

कीस पाडणारा वकील

रोक्को संहितेचा विषय निघाला आणि मी गप्प बसलो तर व्यवसायाशी बेइमानी.

वाटसरू म्हणतात बायकांसाठी पोलीस लागत नव्हते. कारण संहितेनेच घरातल्या पुरुषांना पोलिसाचा अधिकार दिला होता. तीन कलमं बघा.

कलम ५८७: बायको, मुलगी किंवा बहीण हिला परपुरुषाबरोबर पाहून रागाच्या भरात, इभ्रतीसाठी मारलं तर शिक्षा तीन ते सात वर्षं. एरवी खुनाला एकवीस वर्षांपासून पुढे.

कलम ५५९: विवाहित बाईचा व्यभिचार म्हणजे तुरुंग. नवऱ्याचा व्यभिचार गुन्हा ठरायला (हे शेजारच्या ५६० मध्ये) त्याने ठेवलेली बाई घरात आणून ठेवायला हवी, किंवा बाहेर गावभर बोभाटा व्हायला हवा.

कलम ५४४: बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केलं की गुन्हा संपला. नुसता त्याचा नाही, त्याच्या साथीदारांचाही.

मुसोलिनीला १९४५ मध्ये मारलं. ही कलमं केव्हा गेली? ५५९ घटना न्यायालयाने १९६८-६९ मध्ये पाडलं, आणि त्याच न्यायालयाने १९६१ मध्ये ते चालतंय म्हणून सांगितलं होतं. ५८७ आणि ५४४ गेली ऑगस्ट १९८१ मध्ये. भारताने वर्ल्ड कप जिंकला त्याच्या दोनच वर्षं आधी! आणि बलात्कार हा ‘सार्वजनिक नीती’विरुद्धचा नसून व्यक्तीविरुद्धचा गुन्हा आहे हे मान्य व्हायला १९९६ उजाडावं लागलं.

५४४ मोडायला सुरुवात एका मुलीने केली. फ्रांका व्हिओला, सिसिलीतल्या आल्कामोची, सतरा वर्षांची. २६ डिसेंबर १९६५ ला तिने नाकारलेल्या माणसाने टोळकं घेऊन तिला घरातून उचललं, आठवडाभर डांबलं, बलात्कार केला. पुढची रीत ठरलेली: दोन्ही घरं बसून सोयरीक जुळवणार. तिच्या बापाने वाटाघाटीला तयार असल्याचं नाटक केलं आणि पोलिसांना कळवलं. मुलगी लग्नाला नाही म्हणाली. त्याआधीच त्यांचा द्राक्षमळा आणि गोठा जाळून झाला होता, धमक्या चालूच होत्या. १९६६ मध्ये आरोपीला अकरा वर्षं झाली, अपिलात दहा. तिने १९६८ मध्ये आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न केलं.

आपल्याकडे व्यभिचाराचं कलम ४९७ केव्हा गेलं, आठवतंय ना? सप्टेंबर २०१८. ३७७ चा निकाल त्याच महिन्यात, तीन आठवडे आधी. इटलीला नावं ठेवताना जरा बेतानेच.

---

शेवग्याची शेंग

वकीलसाहेब, दंडवत. तो बाप कोण होता हो? लहान शेतकरीच ना?

---

कीस पाडणारा वकील

हो, बेर्नार्दो व्हिओला, साधा शेतकरी. आख्ख्या गावाचा बहिष्कार अंगावर घेतला माणसाने.

---

जिज्ञासू नाशिककर

या धाग्यात अजून कुणी लिहिलं नाही म्हणून: हिंदुमहासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे गोलमेज परिषदेनंतर मार्च १९३१ मध्ये इटलीला गेले होते, मुसोलिनीला भेटले, आणि तिथल्या बालिल्ला या मुलांच्या लष्करी धर्तीच्या संघटनेची पाहणी केली. त्यांच्या डायरीत ते आहे. पुढे १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल निघालं. ‘मर्द घडवण्याचा’ हा सगळा खटाटोप आपल्याकडच्या लोकांनाही भुरळ घालत होता, एवढंच म्हणायचंय.

---

खडूस आजोबा

झालं! आलीच गाडी नागपूर-नाशिकवर. त्या काळात मुसोलिनीला कोण भेटलं नव्हतं? रवींद्रनाथ १९२६ मध्ये भेटले. गांधीजी डिसेंबर १९३१ मध्ये भेटले. मुंज्यांनी सैनिकी शाळा काढली, कुणाला बेटावर नाही पाठवलं.

---

संपादक मंडळ

भेटींबद्दल दोघांनीही दिलेली माहिती बरोबर आहे. त्या भेटींचा अर्थ काय, यासाठी कृपया वेगळा धागा काढावा. यापुढचे त्या विषयावरचे प्रतिसाद तिकडे हलवले जातील.

---

मांडवीकाठ

अवांतर वाटेल, पण गोंयकार म्हणून लिहितो. आमचे आजी-आजोबा हुकूमशाहीतच जगले, ती पोर्तुगालच्या सालाझारची. १९३२ पासून तो पंतप्रधान, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला. त्याला फॅसिस्ट म्हणावं की नाही यावर विद्वान भांडतात. पण ‘देव, देश, कुटुंब’ ही त्याची त्रिसूत्री घ्या, बाईची जागा घरात, सगळं ओळखीचं वाटेल.

पोर्तुगालमध्ये १९१२ चा भटके-भिकारी लोकांसाठीचा कायदा होता, त्यात ‘निसर्गाविरुद्धची व्यसनं’ करणारेही बसवले होते. सालाझारच्या पोलिसांनी तो मनसोक्त वापरला. म्हणजे इटलीसारखंच: सरळ नाव घ्यायचं नाही, भटक्यांच्या यादीत ढकलायचं.

आणि वकीलसाहेबांच्या ५८७ ला आमच्याकडून उत्तर: पोर्तुगालच्या १८८६ च्या दंडसंहितेत बायकोला रंगेहाथ पकडून मारणाऱ्या नवऱ्याला शिक्षा होती सहा महिने आपल्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहायची. तुरुंगही नाही. खुन्याला तडीपारी सहा महिने आणि वाटसरूंच्या शिंप्याला पाच वर्षं!

---

बाभूळझाड

मुंबईतही याच सुमाराला एक खटला झाला होता, तो इथे नोंदवून ठेवतो. १९३४. र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला. मजकूर म्हणजे वाचकांनी विचारलेले लैंगिक प्रश्न आणि कर्व्यांची उत्तरं, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचीही होती. वकील कोण? बाबासाहेब आंबेडकर. वाचकाला प्रश्न पडलाय तर शास्त्रीय उत्तर देणं यात विकृती कसली, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र १९५३ मध्ये ते जाईपर्यंत निघत राहिलं. हा खटला झाला तो बर्लिनमध्ये हिर्शफेल्डचं ग्रंथालय जाळलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी.

---

निनावी वाचक

सदस्यत्व आजच घेतलं, या धाग्यासाठीच.

मी एका तालुक्याच्या गावी नोकरी करतो. ३७७ गेलं त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटावेत असं वाटलं, वाटले नाहीत. मूळ लेखातलं ते वाक्य की दुखणं असण्याचं नव्हतं, दिसण्याचं होतं, ते मला आजही लागू आहे. एकदा रात्री बसस्टँडवर हवालदाराने हटकलं. कलम विचारायची हिंमत मलाही झाली नाही. ‘घरी फोन करू का?’ एवढंच तो म्हणाला. खिशातले पैसे दिले आणि निघालो.

एक विचारायचंय. बेटावरून घरी गेलेल्यांचं पुढे काय झालं?

---

आडवाटेचा वाटसरू

स्वागत आहे. लिहिलंत, बरं केलंत. इथे नाव सांगायची काही गरज नाही.

पुढे काय झालं, तर बहुतेकांनी तोंड उघडलं नाही. त्या एकदोन मुलाखती सोडल्या तर जे आहे ते पोलिसांच्या कागदांत, पोलिसांच्या भाषेत. काही लग्नं करून राहिले असतील, काही उत्तरेतल्या मोठ्या शहरांत गेले असतील.

पण राजवट गेल्यावर इटलीत काय चाललं होतं ते एका माणसावरून कळतं. आल्दो ब्राइबांती: कवी, नाटककार, मुंग्यांचा अभ्यासक. युद्धात पार्टिझान, म्हणजे फॅसिस्टांविरुद्ध लढणारा गनिमी सैनिक, फॅसिस्टांनी पकडून छळ केलेला. १९६० च्या दशकात तो एका सज्ञान तरुणाबरोबर रोममध्ये राहू लागला. मुलाच्या घरच्यांनी तक्रार केली. समलिंगी संबंध गुन्हा नव्हताच, मग रोक्को संहितेचं कलम ६०३ काढलं: दुसऱ्याला पूर्णपणे आपल्या इच्छेच्या ताब्यात घेणं, जवळजवळ वशीकरणच! १९६८ मध्ये, जगभर पोरं रस्त्यावर उतरली होती त्या वर्षी, ब्राइबांतीला नऊ वर्षं ठोठावली. अपिलात कमी झाली, आणि पार्टिझान होता म्हणून दोन वर्षांत सुटला. तो तरुण कोर्टात सांगत राहिला की मी स्वतःच्या मर्जीने राहत होतो. त्याला घरच्यांनी मनोरुग्णालयात घातलं, विजेचे झटके दिले. कलम ६०३ न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केलं.

म्हणजे बघा, गुन्हा तेव्हाही नव्हता आणि नंतरही नव्हता.

---

शेवग्याची शेंग

हे वाचून काही सुचेना. ट्रान्स व्यक्तींबद्दल इटलीत काही नोंद आहे का? तेव्हा तो शब्द नसणार, तरी.

---

श्टुटगार्टकर

लुसी सालानी. १९२४ साली फोस्सानोत जन्म, बोलोन्यात वाढल्या. जन्माने मुलगा म्हणून नोंद, म्हणून सैन्यात भरती. तिथून पळाल्या. मग जर्मन सैन्यात घातलं, तिथूनही पळाल्या. पकडून दाखाऊला पाठवलं. छावणी सुटली त्या दिवशीच्या गोळीबारात पायाला जखम झाली, पण जगल्या. पुढे लंडनला जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली. नाव मात्र आईबापांनी ठेवलेलं लुचानो हेच कागदोपत्री ठेवलं, बदलायला नकार दिला: आईबापांनी दिलंय, बाईचं का असू नये? मार्च २०२३ मध्ये गेल्या, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन. इटलीत कायद्याने लिंगनोंद बदलायची सोय १९८२ पासून आहे, म्हणजे त्या अडून नव्हत्या, त्यांना ते नको होतं.

---

खडूस आजोबा

ही बाई आवडली. दोन सैन्यांतून पळाली!

तीनशेचा आकडा मी धरून बसलो होतो, तो मुद्दा सोडतो असं नाही, पण ते बापाचं आणि द्राक्षमळ्याचं वाचल्यावर मोजणी कुठून सुरू करायची हा प्रश्न आहे. स्पेनबद्दल कुणाला माहीत आहे का? फ्रँको तर १९७५ पर्यंत होता.

---

कीस पाडणारा वकील

आजोबा, स्पेन म्हणजे या सगळ्यांची बेरीज. तिथे १९३३ चा भटके-गुंडांसाठीचा कायदा होता, तोही प्रजासत्ताकाने केलेला. फ्रँकोच्या सरकारने १५ जुलै १९५४ ला त्यात ‘समलिंगी’ हा शब्द घातला, दलाल आणि भिकारी यांच्या शेजारी. फुएर्तेव्हेन्तुरा बेटावर तेफिया इथे श्रमछावणी काढली. तिथे दगड फोडायला, पाणी वाहायला लावत. १९७० मध्ये कायद्याचं नाव बदललं, ‘सामाजिक धोका आणि पुनर्वसन’. पुनर्वसनासाठी दोन तुरुंग: बादाखोस आणि वेल्व्हा. कैद्यांची वाटणी कशी? ‘निष्क्रिय’ बादाखोसला, ‘सक्रिय’ वेल्व्हाला. मोलिनाच्या डॉक्टरची वही स्पेनमध्ये अजून वापरात होती म्हणायची.

फ्रँको गेल्यावर राजकीय कैद्यांना सार्वत्रिक माफी मिळाली. हे आतच राहिले. समलिंगी संबंध त्या कायद्यातून वगळले गेले जानेवारी १९७९ मध्ये. आणि ‘वाट चुकलेल्या’ मुलींना नन लोकांच्या ताब्यात कोंडणारं महिला संरक्षण मंडळ चाललं १९८५ पर्यंत. त्यावर वेगळा धागा लागेल. वाटसरू, तुम्ही काढताय की मी काढू?

---

आडवाटेचा वाटसरू

तुम्हीच काढा. तेफियाबद्दल माझ्याकडे टिपणं आहेत, ती व्यक्तिगत निरोपाने पाठवतो. तुरुंगांची वाटणी मात्र सुरुवातीलाच घ्या, लोक तिथेच थांबून वाचतील.